भूतपट्टीवाले उकंडराव

झिरपूरच्या नगरपालिकेत उकंडराव करवसुलीचे कारकून होते, आणि या माणसाला वसुलीवर नेमलं कुणी, हे झिरपुरात आजतागायत कुणी कबूल करत नाही. कारण उकंडरावांना भाव करता येत नसे. समोरचा जो आकडा सांगेल त्याला ते ‘बरं’ म्हणत आणि खिशात हात घालत. वऱ्हाडात जन्मून बाजारात भाव न करणारा माणूस! तो आजारी असावा असंच लोकांना वाटायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, त्यांना घरात शिकवून पाहिलं होतं. पुष्पाबाई कांद्यांची टोपली घेऊन अंगणात बसल्या, हे गिऱ्हाईक झाले. पुष्पाबाई म्हणाल्या, “आठ आणे.” उकंडरावांनी बायकोच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं, त्यांचा जीव कळवळला, आणि ते म्हणाले, “दहा घे. उन्हात बसून राह्यली तू.” त्या दिवसापासून पुष्पाबाईंनी त्यांच्या हाती पिशवी दिली नाही.

हे झिरपूर म्हणजे संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. बाहेरच्या माणसाला गाव जरा चमत्कारिक वाटतं, त्याला इलाज नाही. गावात शिंपीकाम करणारा इंद्रभान लहानपणापासून जमिनीच्या वीतभर वरून चालतो. लिंबाच्या विहिरीत साती आसरा राहतात, दुपारी काठावर केस वाळवतात आणि पाणी भरायला आलेल्या बायांशी गप्पा मारतात. नदीच्या वाटेवर चकवा आहे. तो माणसाला वाट विसरायला लावतो, पण ओळखीच्या माणसाला संध्याकाळी घरी आणून सोडतो. गावाला याचं काहीच वाटत नसे. बुलढाण्याहून आलेल्या साहेबांना वाटे, पण साहेब लोकांना आमच्या मिरचीचंही वाटतं, तेव्हा ते सोडून द्या.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सरकारनं कळवलं की गावाला नळ मिळेल, पण गावानं आपला वाटा आधी उभा करावा. नगराध्यक्ष होते कापसाची जिनिंग चालवणारे पंजाबराव. धोतराचा सोगा हातात धरून हिशेबात बोलणारा माणूस. त्यांनी सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं की घरपट्टी फक्त भिंतीवाल्यांनी भरायची हा अन्याय आहे. गावात कितीतरी रहिवासी असे आहेत की त्यांना घर नाही, चूल नाही, काहींना तर अंगही नाही, पण ते राहतात मात्र इथंच. त्यांनीही पट्टी भरली पाहिजे. ठराव झाला, ‘असाधारण रहिवासी कर’. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव भूतपट्टी ठेवलं आणि ती वसूल करायला उकंडरावांना पाठवलं. दुसरा कुणी जायला तयार नव्हता.

उकंडराव तेव्हा हंगामी होते. बारा महिने काम करणारा हंगामी कारकून फक्त सरकारातच सापडतो.

पहिल्या दिवशी ते इंद्रभानकडे गेले. इंद्रभान मशीनवर बसला होता, म्हणजे मशीनच्या जरा वर. तो म्हणाला, “उकंडभाऊ, रस्त्याची पट्टी कायले घेता? मी रस्त्यावर पाय ठेवतो का? तुमचा रस्ता माह्यानं झिजते का?” उकंडरावांना ते पटलं. त्यांनी रस्त्याचा भाग वजा केला. मग इंद्रभान म्हणाला की उलट इतकी वर्षं मी रस्ता वाचवला, त्याचं काय? तेही त्यांना पटलं. साती आसरांनी तर त्यांना बोलूच दिलं नाही. “पाणी आमचं, अन् पट्टी तुमची?” थोरली म्हणाली, आणि बाकीच्या सहाजणी अशा हसल्या की विहिरीचं पाणी काठाला आलं. उकंडराव त्यांना नगरपालिकेतर्फे हिरव्या बांगड्या देण्याचं कबूल करून परत आले. चकव्याकडे ते सकाळी गेले आणि दिवेलागणीला स्वतःच्याच दारात उभे राहिले. चकव्याला काय सांगितलं, त्यानं काय सांगितलं, धड काही आठवेना. खिसा मात्र रिकामा होता.

“पट्टी घ्याले गेलते का द्याले?” पुष्पाबाईंनी विचारलं.

“थो लय अडचणीत हाय म्हणे,” उकंडराव म्हणाले.

पंजाबरावांनी कपाळाला हात लावला. पण त्यांचा खरा डोळा होता तानाबाईवर.

तानाबाई गुरुवारच्या बाजारात अगदी तोंडाशी बसायची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, लवंगी मिरची. बाजारात पाऊल टाकलं की पहिली तीच दिसायची, आणि तिचा आवाज त्याच्याही आधी ऐकू यायचा. आता ही तानाबाई वारलेली होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गावानं पाहिलं होतं. असाच बाजार भरलेला असताना, एका बाईशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालता घालता ती टोपलीवर कलंडली आणि गेली. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. दहाव्याला नदीवर पिंड मांडला, तोवर तो मुंबई राज्यात गेला होता. भटजी म्हणाले, कावळा येईल. कावळा आला, समोरच्या बाभळीवर बसला, आणि बसूनच राहिला. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहून गेली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, आणि काय राहिलं असेल ते ओळखून कुणीतरी मोठ्यानं वचन द्यावं लागतं. तानाबाईला मूलबाळ नव्हतं. पुतण्यानं वचन दिलं की मळा विकणार नाही. शेजाऱ्यांनी वचन दिलं की तुळशीला पाणी घालू. कावळ्यानं मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि पंख खाजवला. ऊन वाढलं, पुतण्याला कपाशीचं बघायचं होतं, सगळ्यांना भुका लागल्या होत्या. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि मंडळी जेवायला गेली.

पुढच्या गुरुवारी तानाबाई आपल्या जागेवर बसलेली होती.

आपण घाई केली हे गावाला तेव्हाच कळलं. पण बोलायचं कुणी? आणि खरं सांगायचं तर वांगी चांगली होती. ती कुठून आणते हे कुणी विचारलं नाही. एवढाच फरक पडला की सरकारनं नंतर किलो आणला, तो तिनं मानला नाही. ती म्हणायची, “किलो माह्या मांगून आला. मले नोका सांगू.” आणि शेरानंच मापायची.

उकंडरावांचं आणि तिचं नातं निराळं होतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं रीतीप्रमाणे त्यांना उकिरड्यावर टाकलं. मृत्यूला वाटावं की हे टाकलेलं पोर, याच्या वाटेला कशाला जा. शेजारच्या तानाबाईनं त्यांना सुपात उचलून घेतलं आणि मूठभर कोंड्याला आईला परत विकलं. नाव उकंडा पडलं आणि पोर वाचलं. आई पुढे लवकर गेली. तेव्हापासून उकंडराव तिला तानामाय म्हणायचे आणि ती त्यांना उकंड्या म्हणायची. भाजीचे पैसे तिनं त्यांच्याकडून कधी घेतले नाहीत. गुरुवारी ते बाजारातून गेले की ती काहीतरी त्यांच्या खिशात कोंबायची आणि वर शिव्या द्यायची. ती मेल्यावर दोन आठवडे उकंडरावांनी धड जेवण केलं नव्हतं. मग त्या गुरुवारी कुणीतरी येऊन सांगितलं की तानाबाई बाजारात बसली आहे आणि तुम्हाला विचारून राहिली आहे. ते अनवाणी धावले होते. आपल्या आयुष्यात फार मोठं असं काही घडलं नाही, पण हे एक घडलं, असं ते पुष्पाबाईंना सांगत.

तिच्याकडून भूतपट्टी मागणं उकंडरावांना जमेना. ते दोन गुरुवार नुसतेच टोपलीसमोर बसून परत आले. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी खाली मान घालून सांगितलं, “माय, मयत रहिवाश्यांनी पट्टी भरायची हाय.”

“मंग भरा म्हणा त्याईले,” तानाबाई म्हणाली आणि मिरच्यांवर पाणी शिंपडू लागली.

“तूबी त्यात येतं, माय.”

“मी? मी कायची मयत? मेलेल्या माणसाले काम नसते. मले मान वर कराले टाइम नाई. बाजारात बसाची पट्टी मी दर गुरुवारी भरतो का नाई? जित्त्याची पट्टी घेता अन् मेल्याचीबी घेता? एक काहीतरी ठरवा.”

उकंडरावांना हेही पटलं. त्यांनी ते तसंच्या तसं पंजाबरावांना सांगितलं.

पंजाबराव भडकले. “मंग आपण जाळलं कोणाले?” त्यांचं आणखी एक दुखणं होतं. गावाचा पहिला नळ कुठे बसवायचा हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं: बाजाराच्या तोंडाशी, जिथं तानाबाई बसते तिथं. नळावर दगड बसेल आणि दगडावर नाव असेल. त्यांनी फर्मान काढलं. गुरुवारी भर बाजारात, तिच्या टोपलीपुढेच पिंड मांडायचा. या खेपेला दर्भ नाही, खरा कावळा. तो शिवला तर बाई मयत, ती मोकळी होईल, आपण मोकळे, जागा मोकळी. सूर्य मावळेपर्यंत शिवला नाही तर तानाबाई जिवंत असं आपण लिहून घेऊ आणि तिच्या वाटेला जाणार नाही.

हे तानाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “करा काय करता थे. गिऱ्हाईक अडवू नोका.”

तो गुरुवार झिरपूर विसरणार नाही. आसपासच्या गावांतूनही लोक आले. इंद्रभानला सगळ्यात चांगलं दिसत होतं. भटजींनी पत्रावळीवर पिंड ठेवला. तानाबाईनं तो पायानं जरा बाजूला सारला, कारण तिथं तिची मेथी ठेवायची जागा होती. कावळा आला आणि चौकातल्या लिंबावर बसला. मग वचनं सुरू झाली. पुतण्यानं हात जोडून सांगितलं की मळा अजून विकलेला नाही. पंजाबरावांनी घसा साफ करून नळाला तानाबाईचं नाव देण्याचं वचन दिलं. ते देताना त्यांना केवढा त्रास झाला ते सगळ्यांना दिसलं. कावळ्यानं त्यांच्याकडे पाठ फिरवली. कुणी चारधामला तिच्या नावानं जातो म्हणाला, कुणी पंगत घालतो म्हणाला. कावळा ढिम्म. तानाबाई मध्येच ओरडायची, “घ्या वो वांगे, घ्या!”

या गर्दीत सत्यभामाबाई भाजी घ्यायला आल्या. सत्यभामाबाई म्हणजे गावातली भाव करण्यातली पहिली बाई. त्यांना येताना पाहून दुकानदार माल झाकत. पण आज त्यांचं सगळं लक्ष कावळ्याकडे होतं. मान वर ठेवूनच त्यांनी विचारलं, “वांगे कसे?”

“आठ आणे शेर.”

“दे,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

कावळा लिंबावरून उडाला. थेट खाली आला, आणि पत्रावळीपासून हातभर अंतरावर उतरला. तानाबाईच्या हातातला तराजू थांबला आणि तिचा चेहरा कसानुसाच झाला, जरासा पुसट. तेवढ्यात सत्यभामाबाई भानावर आल्या. “काय म्हणली? आठ आणे? सहाच्या वर एक पैसा नाई देत मी!”

कावळा परत लिंबावर. तानाबाई पुन्हा ठसठशीत. “सहाले मलेच नाई पडत, बाई!”

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. एवढा जन्म बाजारात काढला, पण तानाबाईनं सांगितलेल्या भावाला तिच्याकडून कधी कुणी एक जुडी घेतली नव्हती. ती राहिलेली इच्छा ही होती! गावाला जरा लाजही वाटली. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण पंजाबराव धोतर सावरून पुढे झाले होते.

“तानाबाई, वांगे कसे दिले?”

“आठ आणे.”

पंजाबरावांनी ओठ घट्ट मिटले. कावळा उतरला. पंजाबरावांच्या मानेची शीर फुगली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कावळ्यानं एक उडी मारली. आणखी एक. पंजाबरावांनी खिशातून अधेली काढली, पुढे केली, ती तानाबाईच्या हातावर ठेवणार, एवढ्यात त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “दोन वांगे वर टाकशील का नाई?”

कावळा उडाला. बाजार हसून लोळला. मग दुसरे पुढे आले, तिसरे आले, शाळेचे हेडमास्तर आले, खुद्द भटजी आले. एकाला जमलं नाही. कुणी सात आण्यांवर आला, कुणी मिरच्या फुकट मागितल्या, एकजण तर नुसता “अरे बापरे” म्हणाला आणि तेवढ्यानं कावळा परत गेला. दिवस मावळायला आला तेव्हा पंजाबरावांची नजर गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या उकंडरावांवर पडली. गावात भाव न करणारा एकच माणूस होता आणि तो त्यांच्याच पगारावर होता.

“फैसला पुढच्या गुरुवारी,” पंजाबरावांनी जाहीर केलं. “गिऱ्हाईक म्हणून उकंडराव येतील.” आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, “उकंडराव, वांगे घेऊन घरी जायचं, अन् दुसऱ्या दिवशी कायम झाल्याची ऑर्डर घ्यायची.”

तो आठवडा उकंडरावांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. पंजाबरावांच्या ऑर्डरीचं त्यांना फार नव्हतं. हंगामी राहायची सवय झाली होती. त्यांना खात होतं ते निराळंच. माय एवढी वर्षं ऊन-पाऊस खात बसली आहे, इच्छा राहिली म्हणून तिला सुटका नाही, आणि ती इच्छा आपल्या हातात आहे. आपल्याला तिनं उकिरड्यावरून उचललं, आणि आपण तिला आपल्या सुखासाठी बाजारात बसवून ठेवायचं? पण ती गेली तर गुरुवारी आपण कुणाच्या शिव्या खायच्या, हा विचार आला की त्यांचे डोळे भरायचे.

“तिले इचारून पाहा ना,” पुष्पाबाई म्हणाल्या.

“काय इचारू? माय, जातं का राहतं? असं कोणी इचारते का?”

पुष्पाबाईंनी नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनाही तानाबाईची वांगी आवडायची, आणि तानाबाईही.

गुरुवार आला. पुन्हा पिंड, पुन्हा लिंबावर कावळा. उकंडराव धुतलेला सदरा घालून आले आणि टोपलीसमोर उकिडवे बसले.

“काय पाह्यजे बे?” तानाबाईनं विचारलं.

“वांगे, माय.”

“तुले फुकट देतो ना मी.”

“आज इकत घेतो. कसे दिले?”

तानाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पंजाबरावांकडे, मग वर कावळ्याकडे. ती काही दुधखुळी नव्हती. “रुपया शेर,” ती म्हणाली.

गर्दीत कुजबुज झाली. दुप्पट! उकंडरावांनी “बरं” म्हटलं आणि खिशात हात घातला. कावळा खाली उतरला.

“थांब. चुकलं माह्यं. दोन रुपये शेर.”

“बरं, माय.” त्यांनी दुसरी नोट काढली. कावळ्यानं पत्रावळीकडे उडी मारली.

“पाच रुपये!” तानाबाई किंचाळली.

पाच रुपयांत तेव्हा टोपलीसकट वांगी आली असती. उकंडरावांच्या खिशात तेवढे नव्हते. त्यांनी मागं वळून पंजाबरावांना म्हटलं, “साहेब, तीन रुपये द्या, पगारातून कापा.” पंजाबरावांनी पाकीट काढलं. वांग्याला पाच रुपये जाताना त्यांना बघवत नव्हतं, पण नळाच्या आशेनं त्यांनी तोंड दाबून धरलं होतं. उकंडरावांनी पाचही नोटा एकावर एक ठेवल्या, त्या दोन्ही हातांनी पुढे केल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “घे, माय. तुह्या भावानं घेतो.” कावळा पत्रावळीच्या काठावर येऊन उभा राहिला. तानाबाईच्या पाठीमागची भिंत तिच्यातून दिसायला लागली होती.

“अबे भाव कर ना उकंड्या!” तानाबाई ओरडली. “भाव कर, मुडद्या! मले नाई जायचं!”

उकंडरावांचे हात तसेच राहिले. “काऊन नाई जायचं? तुही इच्छा पुरी होऊन राह्यली ना, माय.”

“चुलीत गेली इच्छा! थे इच्छा हाय म्हणून तं मी दर गुरुवारी उठतो. कोणीतरी येईन, माह्या भावानं घेईन. थे पुरी झाली तं मी करू काय? भाव कर म्हणतो ना!”

“मले येत नाई, माय.”

“म्हण, एवढे महाग कायले?”

“एवढे महाग कायले?” उकंडराव रडत रडत म्हणाले.

कावळा चोच उघडून थांबला.

“म्हण, वांगे किडके हायेत!”

“वांगे किडके हायेत.”

“कोणाचे किडके रे? तोंड सांभाळून बोल! चार रुपये.” तानाबाई सवयीनं खवळली आणि भिंत दिसायची बंद झाली. “आता म्हण, चार आण्याच्या वर देत नाई.”

“चार आण्याच्या वर देत नाई!” या खेपेला उकंडरावांचा आवाज जरा मोठा निघाला. आपल्याला हे येतं आहे असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एक वांगं उचलून उलटसुलट करून पाहिलं, नाक मुरडलं आणि ते टोपलीत परत टाकलं. गर्दीतून सत्यभामाबाई म्हणाल्या, “शाब्बास!”

“नाई परवडत चार आण्याले. जाय मंग,” तानाबाई म्हणाली, आणि दबक्या आवाजात पुढे म्हणाली, “आता ऊठ अन् चालाले लाग.”

उकंडराव उठले आणि चालायला लागले. लोकांनी वाट दिली. ते मेथीवाल्यांच्या रांगेतून गेले, बांगड्यांच्या दुकानावरून गेले, मागं न बघता गेले. भाव करणारा माणूस दहा पावलांवर रेंगाळतो, मागून हाक येईल म्हणून कान देतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले आणि तसेच नदीच्या वाटेला लागले असते, तर चकव्यानं त्यांना संध्याकाळशिवाय सोडलं नसतं. पण तेवढ्यात मागून आवाज आला, सगळ्या बाजाराच्या वरचा.

“उकंड्या! ये बे वापस! चार आण्याले घेऊन जाय!”

ते परत येईपर्यंत कावळा लिंबावरही नव्हता. नदीकडे निघून गेला होता. पंजाबराव आपल्या तीन नोटा मोजून पाकिटात ठेवत होते. दिवस मावळल्यावर त्यांनी दिल्या शब्दाप्रमाणे तानाबाई जिवंत असल्याचं लिहून दिलं. ते कळताच झिरपुरातले सगळे मयत रहिवासी आमच्याही पिंडाची नव्यानं चौकशी करून आम्हालाही जिवंत लिहा म्हणून नगरपालिकेत येऊन बसले. पंजाबरावांनी पुढच्याच सभेत भूतपट्टी मागं घेतली. नळ शेवटी आला, पण बाजारापासून लांब, जिनिंगच्या फाटकापाशी. उकंडराव हंगामीच राहिले.

दुसऱ्या कुठल्याही दुकानात ते अजूनही सांगितलेल्या भावाला ‘बरं’ म्हणतात. फक्त गुरुवारी, तानाबाईच्या टोपलीपुढे ते उकिडवे बसतात, तिच्या वांग्यांना नावं ठेवतात, चार आण्यांवर अडून राहतात आणि भांडून उठतात. मग बाजारातून अगदी सावकाश चालत जातात. पुष्पाबाईंनी एकदा विचारलं की ती हाक मारते हे माहीत आहे, मग एवढं लांब कायले जाता? उकंडराव म्हणाले, “जवळून हाक मारली तं तिचा गुरुवार लवकर सरते.”